मावशीला विचारा

घरात कुणाचा कंप्युटर अडून बसला, कुणाचा मोबाइल रुसला, बँकेच्या साइटने कुणाला दारातूनच परत पाठवलं, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य यायचं : मावशीला विचारा.

मावशी म्हणजे ताई. बहिणींत थोरली म्हणून ताई, आणि धाकटीच्या मुलीमुळे सगळ्या गोतावळ्याची मावशी. बावीस वर्षं ती एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. त्यात ती इतकी मुरली होती की कुणी हौसेने निमंत्रणपत्रिका हातात दिली तरी आधी तिला छपाईतली चूक दिसायची, मग कोण कुणाशी लग्न करतंय ते.

धाकटीचं चष्म्याचं दुकान होतं. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि "कानामागे टोचतं हो" अशी कुरकुर करणाऱ्यांच्या चष्म्याची काडी गरम करून वाकवून द्यायची. दुकान बरं चालायचं, पण घरात रुबाब ताईचा. धाकटी तो तिला आनंदाने देत होती. निदान ताईला तसं वाटत आलं होतं.

धाकटीची एकुलती एक मुलगी भिंगरी. लहानपणी घटकाभर एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. आता अठरा वर्षांची झाली होती आणि लॅपटॉप उघडला की तीन-तीन तास हलायची नाही, पण चिकटलेलं नाव काही सुटत नाही. दहाव्या वर्षी ताईनेच तिला शेजारी बसवून पहिला प्रोग्रॅम शिकवला होता, स्क्रीनवर एक चेंडू उडवायचा. ताईला मूल नव्हतं, आणि भिंगरीवर तिचा फार जीव होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते ऐकून कुणालाही वाटेल की नव्हताच.

ऑफिसात वर्षभरात बरंच काही उलटसुलट झालं होतं. ताईच्या हाताखाली नऊ माणसं होती, त्यांची चार उरली. त्या चौघांवर आणि ताईवरही एक सत्तावीस वर्षांची मुलगी आणून बसवली. तिचा बॉबकट होता. घरी ताई तिचा उल्लेख 'ती बॉबकटवाली' असाच करायची, नावाने एकदाही नाही. बॉबकटवाली सकाळी कॉफीचा मग घेऊन बसायची, एआयला चार ओळींत काय हवं ते सांगायची, आणि ताईच्या माणसांना आठवडा लागायचा तेवढं काम जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळं. वर पुन्हा स्वभावाने गोड. "मॅडम, तुम्ही एकदा नजर टाकता का?" असं स्वतः उठून, ताईच्या खुर्चीपाशी येऊन विचारायची. उर्मट असती तर सोपं गेलं असतं. गोड माणसाचा राग राग करायला फार कष्ट पडतात, आणि ताई ते रोज घेत होती. तिच्या मेलमधल्या चुका ताई मोजून ठेवायची. एकदा तिच्या कीबोर्डवर कॉफी सांडली, तो अख्खा दिवस ताईचा छान गेला.

कंपनीचा प्रोग्रॅम इस्पितळांसाठी होता. पेशंटला कुठलं औषध किती वाजता द्यायचं याची यादी त्यात राहायची. एका इस्पितळातून तक्रार आली की पेशंटला एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवलं की कधीकधी दिलेलं औषध यादीत पुन्हा दिसतं. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, कुणाला दुप्पट गोळी गेली नाही. पण 'कधीकधी' हा शब्द ताईसारखीच्या जिवावर उठतो. रोज होणारी चूक पकडता येते. कधीकधी होणारी चूक तुम्ही बघायला बसलात की शहाण्या मुलासारखी हाताची घडी घालून बसते. तीन दिवस ताई तिच्या मागावर होती. बॉबकटवालीने एआयला विचारून पाहिलं, त्याने सगळं ठीक असल्याचा निर्वाळा दिला. ताईला मनातून किती बरं वाटलं! ही चूक आपली. ही आपणच धरणार.

शनिवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. भिंगरी आली. शाळेची शेवटची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, वेळच वेळ होता. चहाचा कप आणि बिस्किटांचा पुडा घेऊन ती मावशीच्या खांद्यावरून डोकावत उभी राहिली.

"मावशी, कुठून कुठे हलवलं की होतं हे?"

"जनरल वॉर्डातून आयसीयूत. उलट आणलं तर होत नाही."

"एकाच बाजूने?"

"हं. तू बस तिकडे, मला काम करू दे."

भिंगरी बसली नाही. तिने बिस्किट चहात बुडवलं आणि तिथेच विसरली. ते विरघळून तळाशी गेलं तरी तिची बोटं तशीच कपावर.

"मावशी, दोन्हीकडच्या कंप्युटरांची घड्याळं सारखी असतात का गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे समज, इकडे दहा वाजून पाच मिनिटांनी औषध दिलं, नोंद झाली. पेशंट तिकडे गेला. तिकडचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, तिथे अजून दहा वाजून तीनच झालेत. मग तो कंप्युटर म्हणणार, दहा-पाचचं औषध अजून द्यायचंय. आणि पुन्हा यादीत टाकणार."

ताईने लॅपटॉपवरची नजर काढली नाही.

"तसं नसतं गं," ती म्हणाली. "वेळ सगळ्यांना एकाच ठिकाणाहून मिळते. एवढं बाळबोध असतं तर आम्ही कशाला डोकं फोडत बसलो असतो?"

"हो, तेही आहे," भिंगरी म्हणाली आणि चमच्याने कपातलं बिस्किट शोधू लागली.

ती गेल्यावर ताईने एका मशीनचं घड्याळ दोन मिनिटं मागे केलं आणि खोटा पेशंट इकडून तिकडे हलवला. यादीत एकाच औषधाच्या दोन ओळी उमटल्या. एकाखाली एक, जुळ्या बहिणींसारख्या.

पहिला क्षण आनंदाचा होता, हे खोटं नाही. दुसऱ्या क्षणी पोटात अशी कळ आली की तिने टेबलाची कड धरली. तीन दिवस. त्यामागची बावीस वर्षं. आणि ते जाऊन कुणाला सुचावं, तर चहात बिस्किट बुडवणाऱ्या पोरीला, सहज, गंमत म्हणून! ताईने भिंगरीला फोन करायला मोबाइल उचलला, आणि खाली ठेवला. रात्रीच्या स्वयंपाकाला लागली. भांडी जरा जास्तच आपटली गेली.

सोमवारी आयसीयूचं घड्याळ खरंच मागे असल्याची इस्पितळाकडून खात्री करून तिने चूक दाखवली तेव्हा बॉबकटवाली खुर्चीतून उठलीच. "मॅडम! घड्याळ! हे तुम्हाला सुचलं कसं?"

"अनुभव," ताई म्हणाली.

पुढच्या रविवारी धाकटीकडे सगळे जमले. भिंगरीपुढे दोन अर्ज होते, एक कंप्युटरच्या अभ्यासक्रमाचा, दुसरा डोळे तपासण्याच्या. दुसरा आपला असू दे म्हणून आणलेला, मन पहिल्यावर. तिच्या बाबांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही अर्ज बघितले आणि व्हायचं तेच झालं.

"आपण कशाला डोकं चालवायचं? मावशीला विचारा."

भिंगरी मावशीसमोर मांडी घालून बसली. "सांग ना. मी तुझ्या लाइनला येऊ?"

ताई बोलू लागली आणि थांबेचना. म्हणाली, आमच्या नऊ जणांचे चार झाले. जी गेली त्यांतला एक जण सात महिने घरी बसून आहे. नव्यांची भरतीच होत नाही, कारण नव्यांना जे काम द्यायचे ते आता एआय करतं. शिकून बाहेर पडशील तोवर शिकलेलं जुनं झालेलं असेल. पाठ धरते, मान धरते, आणि चाळिशी उलटली की कालची पोरगी येऊन तुझी साहेब होते. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर डोळे झाकून हो म्हटलं असतं. आज नाही म्हणत. तू डोळे तपासायचं शीक. माणसांना डोळे आहेत तोवर ते काम आहे.

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. ताईने बोलता बोलता स्वतःलाच तपासून पाहिलं, कुठे एक चूक सापडली नाही.

भिंगरीने कंप्युटरचा अर्ज नीट चार घड्या घालून वहीत ठेवला. "तू सांगतेस म्हणजे विचार करूनच सांगत असणार," ती म्हणाली.

निघताना धाकटी दाराशी आली. ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, "बरं झालं स्पष्ट बोललीस. दुसरी कुणी तोंडदेखलं हो म्हणाली असती." मग जरा थांबून, "मला मात्र वाटायचं गं, ही तुझ्यासारखी होईल."

ताई जिना उतरली ती पायऱ्या न बघताच.

आठवड्याने कंपनीने तिला प्रशस्तिपत्र दिलं. तिच्या नवऱ्याला कोण अभिमान! त्याने फोटो काढून लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं : दोन वॉर्डांच्या घड्याळांतील फरक शोधून रुग्णांचा धोका टाळल्याबद्दल. ताईला कळलं तेव्हा अकरा जणांनी बघून झालं होतं. टाळ्यांची चित्रं, फुलं, 'आमची मावशी ती आमची मावशी'. आणि मग भिंगरीचा निरोप : अभिनंदन मावशी.

बस. एवढंच. पुढे टोमणा नाही, मागे प्रश्नचिन्ह नाही. ताईने तो निरोप दिवसभरात कितीदा उघडून बघितला याला गणती नाही. तिला हवं होतं की पोरीने भांडावं. भांडली असती तर ताई आवाज चढवू शकली असती. "अगं, मला आधीच शंका होती," असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. अभिनंदनावर काय म्हणणार? दोन दिवस तिला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून ती धाकटीच्या दुकानात गेली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धाकटी आतल्या बाजूला मशीनवर काच घासत होती, भिंगरी काउंटरवर फ्रेम पुसून पुसून खणात लावत होती.

"मशीन बंद कर जरा," ताई म्हणाली. "दोघींशी बोलायचंय."

धाकटीने बटण दाबलं. मशीन गुरगुरत थांबलं.

"ते घड्याळाचं मला सुचलं नव्हतं. भिंगरीने सांगितलं. मी तिला म्हटलं असं नसतं, आणि ती गेल्यावर करून बघितलं. तिचंच बरोबर होतं."

धाकटीला काही कळेना. ती एकदा बहिणीकडे, एकदा मुलीकडे बघायला लागली. भिंगरीने हातातली फ्रेम खाली ठेवली.

"मला वाटलं, तुला आधीच सापडलं असेल," ती हळूच म्हणाली. "आणि मी उगाच मध्ये तोंड घातलं. फोटो बघितल्यावर मी खूप विचार केला. मग म्हटलं, मीच स्वतःला शहाणी समजतेय."

हे मात्र ताईला लागलं. बाकी कशाहून जास्त हे लागलं.

"आणि त्या रविवारी तू जे सांगितलंस?" भिंगरीने विचारलं. "ते खोटं?"

"नाही. ते सगळं खरं."

"मग?"

"मग हेच की ते मी तुझ्यासाठी सांगितलं नाही." ताईने काउंटरवरची फ्रेम सरळ केली. "मला जे तीन दिवसांत जमलं नाही ते तू चहा पिता पिता केलंस. तू आलीस तर माझ्या पुढे जाशील, माझ्या डोळ्यांदेखत जाशील, हे मला सहन झालं नाही. म्हणून तुला वाईट तेवढं वेचून सांगितलं. चांगलं होतं ते सांगितलंच नाही."

धाकटी मशीनमागून बाहेर आली. तिच्या हाताला काचेची पांढरी भुकटी होती.

"म्हणजे माझी मुलगी हुशार निघाली म्हणून तू तिला अडवलंस?"

"हो."

"ताई," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी सरळ होता, "वीस वर्षं मी तुझा हेवा केलाय. तू ऑफिसला जायला निघायचीस, गळ्यात ते ओळखपत्र, आणि मी हाताला ही भुकटी लावून बसलेली. माझ्या पोटात तुटायचं. पण मी कधी तुझं वाकडं केलं का? सांग. एकदा तरी?"

ताईने मान हलवली. नाही.

"मग जा आता. मला काम आहे."

मशीन पुन्हा गुरगुरायला लागलं. ताई फुटपाथवर आली. पाठोपाठ भिंगरी आली. तिचे डोळे लाल होते, पण प्रश्न तिच्या मनात तसाच होता.

"अर्जाला चार दिवस उरलेत. आता मी कुणाचं ऐकायचं?"

"माझं नको," ताई म्हणाली. "माझ्या मनात अजून आहे ते. आत्ताही आहे. उद्या दुपारी ऑफिसात ये. एकीशी गाठ घालून देते."

बॉबकटवालीचं नाव तोंडातून काढायला तिला फुटपाथवरच दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये तिघी एका टेबलाशी बसल्या. ताईने कॉफी यायच्या आधीच सांगून टाकलं. "ती घड्याळाची चूक हिने धरली होती. मी माझ्या नावावर खपवली. तुमची नोंद दुरुस्त करा."

बॉबकटवालीच्या चेहऱ्यावरचा गोडवा क्षणभर मावळला. "करते," ती म्हणाली. मग भिंगरीकडे वळली. "तुला घड्याळच का सुचलं?"

"एकाच बाजूने व्हायचं ना. पुढे-मागे असणारी गोष्ट काय असेल असा विचार केला."

"मी एआयला तीनदा विचारलं होतं. माझ्या डोक्यात आलंच नाही की त्याला हे विचारावं." बॉबकटवालीने खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, आईवडिलांना निर्धास्त करायला येणार असशील तर येऊ नकोस. ते दिवस गेले. मलाच दर सहा महिन्यांनी वाटतं, आता आपला नंबर. मी रविवारी शिकत बसते, आणि शिकलेल्यातलं निम्मं वाया जातं. मॅडमनी तुला सांगितलं असेलच."

"सांगितलं."

"मग हे सांगितलं का, की अडलेलं सुटतं तेव्हा कसं वाटतं?"

भिंगरी हसली. "ते मला माहितीय."

"मग मी तुला 'ये' म्हणणार नाही आणि 'येऊ नको' पण म्हणणार नाही. आलीस तर पहिल्या वर्षापासून खऱ्या कामाच्या जागी जाऊन बस. इस्पितळ, गोदाम, दुकान, काहीही. नुसता कोड लिहिणाऱ्या पोरींची आता कुणाला गरज नाही. तिथे काय बिघडतंय हे जिला दिसतं, तिची आहे. आणि कदाचित पाच वर्षांनी तिचीही नसेल. मला नाही माहीत. कुणालाच नाही."

मग दोघींची जी गट्टी जमली! भिंगरीने काहीतरी विचारलं, बॉबकटवालीने रुमालावर आकृती काढली, भिंगरीने पेन हिसकावून त्यात खाडाखोड केली, दोघी एकदमच हसल्या. ताई मध्ये बसून होती. त्यांचं निम्मं बोलणं तिला कळत होतं, निम्मं डोक्यावरून चाललं होतं. आपण शिकवलेली पोर, आणि तिच्या डोळ्यांत अशी चमक या दुसरीसाठी! इतका जळफळाट तिचा आयुष्यात कधी झाला नव्हता. उठून जावंसं वाटत होतं. कामाचं निमित्तही हाताशी होतं. पण ती उठली नाही. कॉफी निवून तिच्यावर साय धरली, तरी बसून राहिली.

भिंगरीने कंप्युटरचा अर्ज भरला. धाकटी ताईशी चार महिने बोलली नाही. फोन केला तर भिंगरीचे बाबा उचलायचे आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. ताईने प्रशस्तिपत्राची खरी हकिगत घरच्या ग्रुपवर स्वतः लिहिली. त्यावर कुणी काहीच लिहिलं नाही, आणि तेही बरोबरच होतं. पाचव्या महिन्यात एका सकाळी धाकटीचा फोन आला. म्हणाली, दुकानाच्या कंप्युटरवर बिल छापलं जात नाहीये, येतेस का? आवाजात माया नव्हती, पण फोन होता. ताई गेली, बिल छापून दिलं. धाकटीने चहा विचारला. त्या दिवसापासून दोघी बोलतात. पूर्वीसारखं नाही, जरा जपून.

ऑफिसात उरलेल्या चौघांचे दोन झाले. ताईची जुनी जागाही गेली, पण तिला काढलं नाही. बॉबकटवालीने भांडून तिला इस्पितळांत पाठवायचं काम मिळवून दिलं. आता ती वॉर्डात नर्सशेजारी स्टुलावर बसते आणि त्या कुठे अडखळतात ते लिहून आणते. काम तिला आवडतं. आपल्याला हे बॉबकटवालीमुळे मिळालं, हे अजून आवडत नाही.

ओळखीचे लोक अजून मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, या लाइनला घालू का? ताई उत्तर द्यायला आता फार वेळ घेते. आधी मुलाला काय काय येतं ते काढून घेते. ते ऐकताना पोटात कळ आली, तर त्या दिवशी ती सल्ला देत नाही. चार दिवसांनी या, म्हणते.

दुसऱ्या वर्षाला असताना भिंगरीचा एक दिवस भर दुपारी फोन आला. धापा टाकत होती. एका गोदामात मालाची यादी चुकत होती, ती हिने शोधून काढली होती, आणि कशी ते तिला कुणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं. ती भराभरा सांगत सुटली. ताईला पहिल्या दोन वाक्यांपुढचं काही समजलं नाही. ती ओळखीची कळ आली, नेहमीच्या जागी, नेहमीएवढीच. ताई वॉर्डाबाहेरच्या बाकावर टेकली आणि तिने पिशवीतून वही काढली.

"थांब, थांब," ती म्हणाली. "मला नाही कळलं. पहिल्यापासून सांग. सावकाश."